मोटरहोमच्या टपावरचा एसी: दुरुस्ती, बदली आणि ते चौकोनी भोक

मे महिन्यात कोल्हापुरात दुपारी तीनला उन्हात उभी असलेली मोटरहोम आतून भट्टी होते, आणि पाचला वळीव कोसळला की तीच गाडी वरून गळायला लागते. उन्हात एसी थंड करत नाही म्हणून आपण टपावर चढतो. वर जाऊन जे काही उचकटतो, त्याची परीक्षा मात्र पाऊस घेतो.

आमच्या ट्रॅव्हलरवर बांधलेल्या गाडीचा एसी एकदा भर एप्रिलमध्ये रुसला. पंखा फिरत होता, गारवा शून्य. एका दुकानात दाखवला, तर वर न चढताच निदान झालं: "कॉम्प्रेसर गेला, नवीन युनिट घ्या." उद्यमनगरातल्या एका मिस्त्रींनी मीटर लावलं आणि दहा मिनिटांत कपॅसिटर (कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारी डबी) काढून माझ्या हातावर ठेवला. वरून टम्म फुगलेला. म्हणाले, "ह्यो बदला आधी, मग कॉम्प्रेसरच्या मयताला जाऊया." काहीशे रुपयांत काम झालं. दोन वर्षांनी तेच युनिट गॅस गळून खरोखर मेलं आणि बदलावं लागलं. त्यामुळे दोन्ही कामं अंगावरून गेली आहेत.

आधी एसीची जात ओळखा

आपल्याकडे "टपावरचा एसी" या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू येतात. पहिला बस-ट्रॅव्हलरवाला. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असतो, गॅस बहुधा आर-१३४ए, आणि इंजिन बंद की एसी बंद. तो गाड्यांच्या एसी मेकॅनिककडेच न्यावा. दुसरा २४ किंवा ४८ व्होल्टचा, थेट बॅटरीवर चालणारा. तिसरा २३० व्होल्टचा, ज्याचा कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल (एक आतली हवा गार करणारी, दुसरी उष्णता बाहेर सोडणारी, म्हणजे कंडेन्सर) आणि पंखा सगळं टपावरच्या एकाच डब्यात असतं आणि आत फक्त जाळीचा पॅनेल दिसतो. हा लेख या तिसऱ्याबद्दल आहे. टपाला भोक पाडणं आणि ते बुजवणं हा भाग दुसऱ्यालाही लागू होतो. घरगुती स्प्लिट बसवून बाहेरचं युनिट मागे किंवा चॅसीखाली टांगलेल्या गाड्याही पुष्कळ आहेत, पण त्यांची दुखणी निराळी.

वर चढण्याआधी खाली बघा: वीज

माझ्या अनुभवात अर्ध्या तक्रारी एसीच्या नसतातच, विजेच्या असतात. १३,५०० बीटीयूचं युनिट (१२,००० बीटीयू म्हणजे एक टन, तेव्हा हे सव्वा टनाच्या थोडं खाली) चालताना साधारण ६ अँपिअर घेतं. पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी तो आकडा पाच-सहा पटींनी वर जातो. आता एखाद्या शेतघरावर गाडी लावली आणि ३० मीटरची १.५ चौरस मिलिमीटरची केबल ओढली, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं झालं, त्याचा रोध पाऊण ओहमच्या आसपास. ६ अँपिअरला त्यात चार-पाच व्होल्ट जातात, ते चालतं. सुरू होताना ३० अँपिअर ओढले की वीसेक व्होल्ट तिथेच संपतात. संध्याकाळी गावात आधीच २०० व्होल्ट येत असतील तर कॉम्प्रेसरच्या वाट्याला १८० सुद्धा उरत नाहीत. मग तो "हूं..." करत राहतो, तापतो आणि त्याचा ओव्हरलोड (तापलं की वीज तोडणारा आतला स्विच) त्याला बंद करतो. आपण म्हणतो कॉम्प्रेसर गेला.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते सॉकेटवर नव्हे, एसीच्या टर्मिनलवर, आणि तेही कॉम्प्रेसर सुरू होत असताना. केबल ४ चौरस मिलिमीटरची घेतली की तीच घट सात-आठ व्होल्टवर येते. केबलचं भेंडोळं गुंडाळलेलंच ठेवून एसी लावू नका, ते आतल्या आत तापतं. जनरेटरवर चालवत असाल तर साध्या कॉम्प्रेसरसाठी तो ३ केव्हीएच्या आसपास हवा, आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच.

बॅटरीचं गणितही इथेच करून टाका. २५.६ व्होल्टची २०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे ५.१ किलोवॅट-तास. सव्वा ते दीड किलोवॅट सलग ओढलं तर साडेतीन तासांत ती रिकामी. रात्रभर एसी चालेल असं सांगून गाडी विकणाऱ्याला हा भागाकार करून दाखवा.

दुखणं कुठलं, ते लक्षणावरून

काहीच चालत नसेल तर एमसीबी, फ्यूज, रिमोट, कंट्रोल बोर्ड, याच क्रमाने. पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर लागत नाही, तर व्होल्टेज आणि कपॅसिटर. दोन्ही चालतात पण गारवा नाही, तर धूळ, आतली फट, आणि सगळ्यात शेवटी गॅस. सुरुवातीला गार वाटून तासाभरात हवा यायचीच थांबली, तर कॉइलवर बर्फ जमलाय. फक्त पंखा अर्धा-पाऊण तास चालवा, बर्फ वितळेल, मग फिल्टर धुवा. जुलैच्या थंड रात्री १६ अंशांवर लावून झोपलं तरी असं होतं, त्यात एसीचा काही दोष नाही.

पाणी टपकतंय? एक साधी खूण आहे. एसी चालू असताना, कोरड्या दिवशी टपकलं तर ते कॉइलचं पाणी आहे: निचऱ्याची भोकं तुंबलीत किंवा गाडी तिरकी उभी आहे. एसी बंद असताना, पावसात टपकलं तर ते टपाचं पाणी आहे, आणि गॅस्केट (एसी आणि टप यांच्यामधली फोमची चौकट) संशयित. बाहेर टपावरून ओघळणारं पाणी मात्र चांगलं लक्षण आहे. दमट संध्याकाळी ते बऱ्यापैकी पडतं, त्याला घाबरू नका.

टपावर

वीज बंद करताना एक घोटाळा नेहमी होतो. बाहेरची केबल काढली की माणूस निर्धास्त होतो, आणि इन्व्हर्टर आपोआप बदली होऊन त्याच तारांत २३० व्होल्ट सोडतो. बाहेरची लाईन, जनरेटर, इन्व्हर्टर, तिन्ही बंद करा आणि मग टेस्टरने नव्हे, मीटरने खात्री करा.

सकाळी लवकर चढा. ऊन नको म्हणून, आणि दुपारनंतर वळवाचा भरवसा नाही म्हणूनही. टपावर पाय द्यायचा तो आतल्या पट्ट्यांच्या रेषेवर. दोन पट्ट्यांवर आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकले तर सगळ्यात बरं. प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने पापडासारखं झालेलं असतं, स्क्रू सोडवताना घाई केली की कडा तुटलीच.

झाकण निघालं की आधी डोळ्यांनी बघा. आपल्या भागात कंडेन्सर तुंबतो तो नुसत्या धुळीने नाही. गुऱ्हाळं पेटली की काजळी, ऊस तुटला की पाचट जाळल्याची राख, आणि शिरोलीच्या बाजूला गाडी उभी असेल तर फाउंड्रीची बारीक माती. काजळी तेलकट असते, ती फुंकून जात नाही. मऊ ब्रशने सुकी घाण झाडा, मग सौम्य साबणाचं पाणी मारा आणि आतून बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने धुवा. सर्व्हिसिंग सेंटरचा प्रेशर वॉशर इथे आणू नका. त्याने जाळीच्या पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. मोटर आणि बोर्ड आधी प्लॅस्टिकने झाका. वाकलेल्या पात्या फिन-कंगव्याने सरळ होतात. पंखा हाताने फिरवून बघा. खरखर किंवा खेळ असेल तर बेअरिंग गेलंय, आणि ती मोटर सुटी बदलता येते. खालच्या तबकातली निचऱ्याची भोकंही याच वेळी मोकळी करा. त्यात कुंभारमाशीने घर केलेलं मी स्वतः पाहिलंय.

आता कपॅसिटर. वीज बंद असली तरी यात भार साठलेला असतो आणि तो जोरात झटका देतो. २० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर आवरण असलेल्या चिमट्यांनी त्याच्या टर्मिनलवर दहा-पंधरा सेकंद धरा, मग मीटरवर व्होल्ट शून्य आले का बघा. पेचकसाने ठिणगी पाडायची मर्दुमकी नको. तीन टोकांचा असेल तर दोन्ही बाजू रिकाम्या करा: एक कॉम्प्रेसरची, एक पंख्याची. तारांचा फोटो काढून त्या सोडवा आणि मायक्रोफॅरड मोजा. अंगावर छापलेल्या आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त कमी भरला तर बदला. नवा घेताना मायक्रोफॅरड तोच हवा. व्होल्ट तेवढेच किंवा जास्त चालतील, कमी नाही.

कपॅसिटर ठीक असेल तर कॉम्प्रेसरच्या तीन टोकांकडे वळा: सी (कॉमन), आर (रन) आणि एस (स्टार्ट). आर-एसमधला रोध हा उरलेल्या दोन जोड्यांच्या बेरजेएवढा यायला हवा. म्हणजे सी-आर २ ओहम, सी-एस ४ असेल तर आर-एस ६ च्या जवळ. सी कडून दोन्हीकडे काहीच लागत नसेल तर लगेच मयत जाहीर करू नका. आतला ओव्हरलोड तापून उघडा झालेला असतो, दोन-तीन तास गार होऊ द्या आणि पुन्हा मोजा. कुठलंही टोक कॉम्प्रेसरच्या अंगाला लागत असेल तर मात्र खेळ संपला. इन्व्हर्टर जातीच्या (वेग कमी-जास्त करणाऱ्या) कॉम्प्रेसरला हा नियम लागू नाही, त्यात तिन्ही जोड्या सारख्याच येतात.

सगळ्यात दुर्लक्षित जागा

आतल्या पॅनेलमागे, टपाच्या जाडीत, दोन वाटा असतात: एक गार हवा खाली येण्याची, दुसरी खोलीतली हवा वर जाण्याची. त्यांच्या मधली भिंत बहुतेक गाड्यांत थर्माकोल किंवा पातळ पत्र्याची असते आणि बसवणाऱ्याने ती घाईत लावलेली असते. तिथे फट राहिली की गार हवा खोलीत न येता तशीच वर ओढली जाते. एसी राबतोय, वीज जातेय, कॉइलवर बर्फ जमतोय, आणि आपण घामाघूम.

पॅनेल काढा, पंखा लावा आणि पेटती उदबत्ती त्या भिंतीच्या कडांजवळून फिरवा. धूर आत ओढला जाईल तिथे फट. ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. कापडी टेप नको, उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो. मग दोन थर्मामीटर घ्या, एक आत जाणाऱ्या हवेत, एक बाहेर येणाऱ्या. पंधरा मिनिटांनी ८ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक आला तर एसी निरोगी आहे. तरीही गाडी गार होत नसेल तर काचा, पडदे आणि टपाच्या इन्सुलेशनकडे बघा.

गॅस भरायचा का?

या युनिटांना बहुधा गॅस भरायचा वॉल्व्हच नसतो, कारखान्यातून ती बंद होऊन येतात. गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तेव्हा "थोडा मारून देतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. रीतसर काम म्हणजे नायट्रोजनचा दाब देऊन गळती शोधणं, ब्रेझिंग (ज्योतीने सांधा जोडणं), व्हॅक्यूम, आणि प्लेटवर लिहिलेला गॅस वजन करून भरणं. आर-३२ असेल तर तो पेटू शकतो, म्हणून गॅस बाहेर काढल्याशिवाय ज्योत लावायची नाही. हे जाणकाराचं काम आहे, घरी करायचं नाही.

माझा हिशेब असा: कपॅसिटर, पंख्याची मोटर, सेन्सर, बोर्ड, या दुरुस्त्या बिनधास्त करा, युनिट कितीही जुनं असो. कॉम्प्रेसर जळला किंवा कॉइल गंजून गळायला लागली, आणि युनिट आठ-दहा वर्षांचं आहे, तर पैसे नव्यात घाला.

नवं घेताना

आधी भोक मोजा, मग युनिट निवडा. अमेरिकी पद्धतीचं भोक १४ इंचांच्या चौकोनाचं, म्हणजे ३५६ मिलिमीटरच्या आसपास. युरोपी पद्धतीचं ४०० बाय ४०० मिलिमीटर. लहान भोक मोठं करता येतं, पण आतल्या पट्ट्या आणि तारा पाहूनच. मोठं लहान करणं कटकटीचं. टपाची जाडीही मोजा, कारण बोल्ट ठराविक जाडीपर्यंतच पुरतात.

बाहेरून आणलेलं ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झचं युनिट स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ट्रान्स्फॉर्मर लावून व्होल्ट जुळतील, हर्ट्झ जुळणार नाहीत. वजन ३० ते ४५ किलो धरून चला, आणि नवं युनिट जुन्यापेक्षा उंच असेल तर गाडीची एकूण उंची मोजून स्टिअरिंगजवळ लिहून चिकटवा. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या फांद्या कंपनीचं नाव विचारत नाहीत. जुन्याच्या जागी तसाच एसी बसवायला बहुधा अडचण नसते, पण टप उंच करणं किंवा बांधणी बदलणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

जुना काढणं, नवा बसवणं

आतून पॅनेल काढा, तारांचे फोटो घ्या, जोडण्या सोडवा. मग चार लांब बोल्ट दिसतील. ते सोडवले की युनिट फक्त वजनावर आणि चिकटलेल्या गॅस्केटवर उभं असतं. वर दोघे, आत एक. पातळ पट्टीने गॅस्केट सोडवा आणि युनिट सरळ उचला. ओढत सरकवलं तर टपाचा रंगही जातो आणि खालच्या नळ्याही वाकतात. खाली उतरवायला वर्कशॉपमधला चेनब्लॉक सगळ्यात उत्तम, नाहीतर दोन मजबूत बांबू तिरपे लावून दोरीने. जेसीबीच्या बकेटमधून एसी वर चढवलेला मी बघितलाय. बघायला मजा आली, माझ्या गाडीवर मी करणार नाही.

आता भोक समोर आहे, आणि इथे थांबा. पुढची दहा वर्षं गाडी कोरडी राहणार की नाही हे या अर्ध्या तासात ठरतं. कडेची लाकडी चौकट पेचकसाने टोचा. काळी पडलेली, मऊ लागली तर तिच्यावर नवा एसी बसवू नका. मी ती काढून २५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम चौकोनी पाइपची चौकट करून घेतली. उद्यमनगरात असलं काम करून देणारे हात गल्लीगल्लीत आहेत. भोकाभोवती टप खोलगट झाला असेल तर तिथे पाणी साचणार, तोही आतून आधार देऊन वर उचलून घ्या. जुना डिंक, सिलिकॉन, काजळी सगळं खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

गॅस्केट नवंच. जुनं चांगलं दिसत असलं तरी एकदा दबलेला फोम परत फुगत नाही. आणि त्याला सिलिकॉन लावायचं नाही, हे मिस्त्रींना दोनदा सांगा, कारण हात सवयीने ट्यूबकडे जातोच. गॅस्केट दाबानेच पाणी अडवतं. सिलिकॉनने ते एका जागी चिकटतं, टप उन्हात ताणला-आकसला की फाटतं, आणि पुढच्या वेळी युनिट निघता निघत नाही.

युनिटचं तोंड पुढे आहे ना बघून ते सरळ खाली ठेवा. आतल्या माणसाने चारही कडांना गॅस्केट सारखं दिसतंय का सांगायचं. मग चारही बोल्ट तिरके समोरासमोरचे कोपरे धरून आळीपाळीने, प्रत्येक वेळी दोन-दोन फेऱ्या. २५ मिलिमीटरचं गॅस्केट १२-१३ वर आलं की बस्स. पुस्तिकेत टॉर्क दिलेला असतो तो पाळा, साधारण ५ न्यूटन-मीटर म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. इम्पॅक्ट गन पेटीतच राहू द्या. जास्त आवळलं की टप वाकतो आणि गॅस्केटचा पापड होतो.

तारांत आधी अर्थिंगची तार जोडा. २.५ चौरस मिलिमीटरची लवचिक तांब्याची तार, पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, टोकांना दाबून बसवलेले लग. पीळ देऊन टेप गुंडाळलेली जोडणी चालत्या गाडीत सैल होतेच. एसीला स्वतंत्र १६ अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, कारण सुरू होतानाच्या झटक्याने बी-कर्व्ह उगाच पडू शकतो. आणि मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच ती तोडणारा स्विच). पत्र्याच्या गाडीत, ओल्या जमिनीवर, हा नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ.

पॅनेल लावायच्या आधी पाणी मारा. नळी हळू सोडून आधी खालच्या कडा, मग वरच्या, असं वीस मिनिटं, आणि आत भोकाखाली वर्तमानपत्र पसरा. कागदावर थेंबाचा डाग लपत नाही. मागची कड कोरडी आणि पुढची ओली निघाली तर पुढच्या दोन बोल्टांना अर्धी फेरी द्या. पुढची कड तशीही जास्त नीट बघावी, कारण हायवेवर ऐंशीच्या वेगाने पाऊस तिच्यावरच आदळतो.

मग वीज लावा. क्लॅम्प मीटरने अँपिअर प्लेटवरच्या आकड्याशी जुळवा, थर्मामीटरने फरक बघा. बंद केलात तर तीन मिनिटं थांबून परत सुरू करा, आतला दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो.

जुनं युनिट भंगारात देताना तांब्याच्या नळीवर करवत फिरू देऊ नका. आर-४१०ए एक किलो हवेत सोडला तर शंभर वर्षांत तो दोन हजार किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडकवतो. एसी मेकॅनिककडून गॅस काढून घ्या आणि युनिट ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत ठिकाणी द्या.

शेवटचं काम सहल करून आल्यावरचं. आम्ही बसवल्यानंतर करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलो, परत आलो, पॅनेल काढून बोल्ट तपासले. तीन जागच्या जागी होते, चौथ्याने पाव फेरी घेतली. त्यानंतर जूनचे पहिले आठ दिवस मी रोज सकाळी आत जाऊन कागद बघत होतो.